आधी आकडा, मग नाव

कराडच्या एसटी स्टँडवर ‘रेठऱ्याची गाडी कुठं लागते?’ असे विचारून पाहा. उत्तर मिळणार नाही, उलट प्रश्न येईल: ‘कुठलं रेठरं?’ एक बुद्रुक, एक खुर्द. दोन्ही आपल्याच तालुक्यातली. सांगली जिल्ह्याची हद्द ओलांडून वाळवा तालुक्यात गेलात की रेठरे हरणाक्ष आहे, रेठरेधरणही आहे. पूर्ण नाव सांगितल्याशिवाय तिकीट निघत नाही. आणि नाव बरोबर सांगून गावात उतरलात, तरी ज्याच्याकडे जायचे त्याचे घर कुठल्या गल्लीत, हे ठाऊक हवेच.

ऑफिसातल्या संगणकांचे याहून वेगळे काही नाही. प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो, त्याला आपण आयपी अ‍ॅड्रेस म्हणतो. तो वाटण्याचे काम करते ते डीएचसीपी. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून आपण यंत्रांना आणि वेबसाइटना नावे देतो. नावावरून आकडा शोधून देते ते डीएनएस. ही दोन्ही कामे नीट चालतात तोवर त्यांची आठवणही कुणाला होत नाही. बिघडली की माझा फोन वाजतो आणि पलीकडून एकच वाक्य येते: ‘नेट गेलंय.’

गेली बावीस वर्षे मी या भागातल्या पतसंस्था, दवाखाने, सीएंची ऑफिसे आणि कारखान्यांचे काटे यांची नेटवर्क्स सांभाळतो. माझ्या अंदाजाने दहातल्या सहा वेळा ‘नेट’ कुठेही गेलेले नसते. एक तर संगणकाला आकडा मिळालेला नसतो, किंवा आकडा असून नाव सापडत नसते. हे दोन आजार वेगळे आहेत, औषधेही वेगळी आहेत, आणि यातला कुठला, हे ओळखायला पाच मिनिटे पुरतात. ज्यांच्या ऑफिसात आयटीवाला म्हणून वेगळा माणूस नाही, ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, बघ की जरा’ म्हणत ज्यांच्या गळ्यात हे काम पडते, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

राउटरला हात लावण्याआधी

पहिली गोष्ट शेजारच्या टेबलावर विचारायची: ‘तुमचं चालू आहे का?’ एकाचेच बंद असेल तर दोष त्या यंत्रात किंवा त्याच्या केबलमध्ये. सगळ्यांचे बंद असेल तर स्विच, राउटर किंवा बाहेरची लाइन. हे न विचारता राउटर बंद-चालू केला की चालू असलेल्या दहा जणांचे कामही अडते. तेवढ्यात कुणाची अर्धी नोंद सर्व्हरवर अडकते, आणि मग दुपारपर्यंत ताळमेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट, केबल जिथे खोचलेली असते तिथले बारके दिवे पाहायचे. दिवाच नसेल तर पुढचे काही वाचू नका, केबल बदला. गोडाऊनला लागून असलेल्या ऑफिसांत उंदीर हे केबल तुटण्याचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

दिवा लागतोय आणि तरी काम नाही, तर आता आकडा पाहायचा. विंडोजच्या शोधपट्टीत ‘सीएमडी’ टाकले की काळी खिडकी उघडते. तिथे ‘आयपीकॉन्फिग’ लिहा, एक जागा सोडा, पुढे तिरकी रेघ देऊन ‘ऑल’ लिहा आणि एंटर दाबा. (हे सगळे अर्थातच रोमन लिपीत.) बरेच काही सरसर वर जाईल, घाबरू नका. तुम्हाला पाचच ओळी हव्या आहेत: आयपीव्ही-फोर अ‍ॅड्रेस, डीफॉल्ट गेटवे, डीएचसीपी सर्व्हर, डीएनएस सर्व्हर्स आणि लीज कधी संपते ती तारीख. तारखेची ओळच दिसली नाही आणि आकडा १६९.२५४ ने सुरू होत नसेल, तर त्या यंत्राला आकडा कुणीतरी हाताने भरलेला आहे. ते का, याचा शोध घ्या. चालू असलेल्या एखाद्या संगणकावर हीच आज्ञा देऊन दोन्ही पडदे शेजारी ठेवले, तर फरक डोळ्यालाच दिसतो. मी आजही हेच करतो. पाठांतरापेक्षा तुलना बरी.

आकडा मिळतो कसा

संगणक सुरू झाला की तो नेटवर्कवर हाळी देतो: ‘कुणी आहे का? मला नंबर पाहिजे.’ राउटर किंवा सर्व्हर ओ देतो: ‘मी आहे. १९२.१६८.१०.५७ चालेल?’ संगणक म्हणतो, ‘चालेल, हाच घेतो.’ शेवटी समोरून, ‘दिला. अमुक दिवस तुझा.’ चार वाक्यांत व्यवहार पुरा. यातली ‘अमुक दिवस’ ही मुदत म्हणजे लीज. निम्मी मुदत उलटली की संगणक आपणहून नूतनीकरण मागतो, म्हणून रोज चालू असणाऱ्या यंत्राला हा करार कधी जाणवतही नाही.

यातली हाळी महत्त्वाची. नवख्या यंत्राला नंबर कोण वाटतो हेच माहीत नसते, म्हणून ते सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडते. बहुतेक बिघाड या ओरडण्यातून जन्मतात. कुणी ओ दिलीच नाही, ओ द्यायला दोघे उभे राहिले, किंवा वाटणाऱ्याजवळचे नंबर संपले, असे तीन प्रकार.

कुणीच ओ दिली नाही, तर विंडोज स्वतःच्या मनाने एक आकडा घेते. तो १६९.२५४ ने सुरू होतो. ही सुरुवात दिसली की समजावे, बाहेरच्या लाइनशी भांडण्यात अर्थ नाही. आपल्याच ऑफिसात नंबर वाटणाऱ्यापर्यंत हाळी पोचलेली नाही. आपल्याकडे याचे नेहमीचे कारण म्हणजे लाइट. कोयनेची वीज आपल्या उशाला. पण वळवाचा एक सडाका आला की दिवे गेलेच. लाइट परत येते तेव्हा सगळे एकदम सुरू होते. नव्या संगणकांना उठायला वीस सेकंद लागतात, राउटरला दोन मिनिटे. संगणक ओरडतो तेव्हा राउटर अजून डोळे चोळत असतो. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत राहते, म्हणून चहा पिऊन आल्यावर ‘आपोआप सुरू झालं’ असा चमत्कार घडतो. थांबायचे नसेल तर केबल काढून पुन्हा खोचा, किंवा काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’पुढे तिरकी रेघ देऊन ‘रिन्यू’ लिहा. कायमचा उपाय असा की राउटर आणि स्विच या दोघांना एक छोटा यूपीएस द्या. संगणकांना यूपीएस असतो आणि राउटर साध्या बोर्डवर, ही उलटी तऱ्हा मी निम्म्या ऑफिसांत पाहतो.

कारखान्यावरचा एक प्रसंग सांगतो. नाव सांगत नाही. गळीत हंगाम सुरू होऊन आठवडा झाला होता. शेती विभागातले हिशेबनीस दहा दिवसांच्या रजेवरून परतले आणि फक्त त्यांचाच संगणक नेटवर्कवर येईना. बाकी सगळे झकास. साहजिकच सगळ्यांनी संगणकालाच दोषी ठरवले. मी पोचेपर्यंत तो फॉरमॅट करून झाला होता, नवे नेटवर्क कार्ड बसले होते, आणि आकडा तोच, १६९.२५४. राउटर उघडून पाहिला, तर नंबर वाटायला १०० ते १९९ असे शंभरच ठेवलेले, लीज आठ दिवसांची, आणि शंभरच्या शंभर गेलेले. नेले कुणी? उसाच्या ट्रॅक्टरच्या रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी. ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड कुणा चिटबॉयने एकाला सांगितला, एकाने दहांना. दिवसाला चाळीस नवे मोबाइल धरले तरी तिसऱ्या दिवशी शंभर संपतात. ट्रॅक्टर मोळ्या उतरवून गावी जातो आणि त्याचा नंबर आठ दिवस त्याच्याच नावावर राहतो. रोज चालू असलेल्या संगणकांनी आपापले नंबर धरून ठेवले होते. रजेवर गेलेल्याचा तेवढा गेला.

उपाय दहा मिनिटांचा होता. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय, त्याची लीज दोन तासांची, ऑफिसचा पासवर्ड नवा. नेहमीच्या मांडणीत २५४ नंबर असतात. शंभरावर अडून बसायचे कारण नव्हते. पण आकडा वाढवणे हा अर्धा उपाय. पाहुणे वेगळे काढणे हा खरा. पाहुण्यांचे मोबाइल आणि खातेदारांच्या नोंदी एकाच नेटवर्कवर असणे ही नुसती गैरसोय नाही, धोका आहे.

दोन वाटप करणारे

सगळ्यात जास्त डोके खाणारा बिघाड हा. वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही, म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणतो, भिंतीतल्या सॉकेटची केबल त्याच्या पिवळ्या पोर्टमध्ये खोचतो, रेंज येते, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांचे टॅली उघडत नाही. कारण त्या जुन्या राउटरमध्येही डीएचसीपी चालू आहे. आता हाळीला दोघे ओ देतात, आणि ज्याची ओ आधी ऐकू येईल त्याचा नंबर संगणक घेतो. म्हणून आज एकाचे बंद, उद्या दुसऱ्याचे, रीस्टार्ट केला की कधी चालू, कधी नाही. बिघाड असा घडीघडीला जागा बदलू लागला की माझा पहिला संशय या पाहुण्या राउटरवर जातो.

ओळखायचे कसे? मघाच्या पाच ओळींतली ‘डीएचसीपी सर्व्हर’ ही ओळ पाहा. चालू संगणकावर १९२.१६८.१०.१ आणि बंदवर १९२.१६८.०.१ दिसले, की चोर सापडला. तो आकडा ब्राउझरच्या पट्टीत टाका. बहुतेक वेळा राउटरचे लॉगिनचे पानच उघडते आणि त्यावर कंपनीचे नावही असते. पान उघडले नाही तर ‘एआरपी’, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि ‘ए’ अशी आज्ञा द्या. त्या आकड्यासमोर बारा अक्षरांचा मॅक अ‍ॅड्रेस दिसेल. त्याची पहिली सहा अक्षरे कंपनी सांगतात. तरीही यंत्र सापडेना, तर स्विचमधल्या केबली एकेक करून काढायच्या. रानटी पद्धत, पण खात्रीची. सापडलेला राउटर फेकायची गरज नाही. त्याच्यातले डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा आकडा मुख्य राउटरहून वेगळा ठेवा, की तो मुकाट्याने नुसता वायफायचा खांब बनून काम करतो. जिथे चांगला, आज्ञा घेणारा स्विच आहे तिथे ‘डीएचसीपी स्नूपिंग’ चालू करून घ्या. मग ठरवून दिलेल्या पोर्टशिवाय दुसऱ्या कुणाला नंबर वाटताच येत नाहीत.

प्रिंटरचा घोळ याच कुळातला. प्रिंटर बसवणारा माणूस घाईत त्याला हाताने १०५ नंबर देऊन जातो. राउटरला हे कुणी सांगितलेले नसते. रात्री प्रिंटर बंद, सकाळी सर्वांत आधी आलेल्या साहेबांच्या मोबाइलला राउटर १०५ देऊन टाकतो, आणि पावत्या साहेबांच्या खिशाच्या दिशेने निघतात. प्रिंटर, सर्व्हर, हजेरीचे बोटाचे यंत्र, कॅमेऱ्याचा डबा यांना हाताने नंबर देऊ नका. राउटरमध्ये त्यांच्या मॅक अ‍ॅड्रेसवर नंबर राखून ठेवा. म्हणजे यंत्र विचारेल रोज, पण मिळेल तोच. मोबाइलसाठी मात्र हे करत बसू नका. हल्लीचे फोन खरा मॅक लपवून बनावट दाखवतात.

आकडा आहे, नाव सापडत नाही

आकडा ठीक दिसला तर तीन पायऱ्या चढायच्या. पहिली, गेटवेला, म्हणजे मुख्य राउटरला, पिंग: ‘पिंग’ लिहून त्यापुढे गेटवेचा आकडा. उत्तर आले म्हणजे घरातली वाट मोकळी. दुसरी, ‘पिंग ८.८.८.८’. हा गूगलचा जगभर उघडा असलेला डीएनएस. त्याचे उत्तर आले म्हणजे बाहेरची लाइनही चालू. तिसरी, एखाद्या वेबसाइटच्या नावाला पिंग. पहिल्या दोन पायऱ्या चढल्या आणि तिसरीवर पाय घसरला, तर दुखणे डीएनएसचे. लाइनवाल्याला शिव्या देऊ नका. (काही ठिकाणी पिंगला मुद्दाम बंदी असते, म्हणून एका ‘नाही’वरून निकाल देऊ नये.)

१९८३ पर्यंत इंटरनेटच्या पूर्वजाला डीएनएस नव्हतेच. सगळ्या यंत्रांची नावे आणि आकडे एका फायलीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट राखायचा आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. यंत्रे वाढली, यादी पुरेना, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची उतरंड रचली: शेंड्याला ‘इन’, ‘कॉम’ असे मोजके, त्यांच्याखाली त्यांचे, त्यांच्याखाली आणखी. ज्याचे गाव त्याने सांभाळायचे. त्या जुन्या फायलीचा वारस मात्र आजही तुमच्या प्रत्येक संगणकात ‘होस्ट्स’ नावाने बसलेला आहे, आणि विंडोज डीएनएसला विचारण्याआधी त्याचे ऐकते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नावाची तपासणी ‘एनएसलुकअप’ या आज्ञेने करा; पुढे वेबसाइटचे नाव. वरच्या दोन ओळींत आपण कुणाला विचारतो आहोत ते दिसते, खाली उत्तर. उत्तर आले नाही तर नकाराचा प्रकार बघा. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे समोर कुणी नाहीच. डीएनएसचा आकडा चुकीचा आहे, किंवा तो सर्व्हर बंद आहे. ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ म्हणजे कुणीतरी आहे आणि तो ठामपणे सांगतो आहे की या नावाचे इथे कुणी नाही. पहिल्यात सर्व्हर बदलून पाहायचा: ‘एनएसलुकअप’, नाव, आणि त्यापुढे १.१.१.१ लिहिले की तोच प्रश्न दुसऱ्याला विचारला जातो. दुसऱ्यात आधी स्पेलिंग तपासायचे.

आता या आज्ञेची एक खोच, जिच्यापायी मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली. एनएसलुकअप थेट डीएनएसला विचारते. होस्ट्स फाइल बघत नाही, विंडोजने लक्षात ठेवलेली जुनी उत्तरेही बघत नाही. त्यामुळे एनएसलुकअपला बरोबर आकडा दिसतो आणि त्याच संगणकावर पिंग भलत्याच आकड्याला जाते, असे होऊ शकते. त्या दिवशी तसेच झाले होते. एका पतसंस्थेचा सर्व्हर नव्या यंत्रावर नेला होता. सतरा संगणकांना सापडला, एकाला सापडेना. डीएनएस बदलून पाहिले, केबल बदलून पाहिली. शेवटी होस्ट्स फाइल उघडली, तर जुन्या सर्व्हरचे नाव-आकडा तिथे लिहिलेले, खाली तारीख, आणि लिहिणाऱ्याची आद्याक्षरे माझीच. तीन वर्षांपूर्वी घाईत लावलेले ठिगळ होते ते. तेव्हापासून होस्ट्स फायलीत काही लिहिले तर त्याची नोंद ऑफिसच्या कागदावर करतोच. न लिहिणे सर्वांत उत्तम.

जुनी उत्तरे झाडून काढायला ‘आयपीकॉन्फिग’, तिरकी रेघ, ‘फ्लशडीएनएस’. ही आज्ञा निरुपद्रवी आहे, मनात आले की द्यावी. एवढ्यानेही ब्राउझर ऐकत नसेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ चालू आहे का बघा. तसे असेल तर ब्राउझर ऑफिसच्या डीएनएसला न विचारता परस्पर बाहेर विचारतो, आणि बाहेरच्याला तुमच्या आतल्या सर्व्हरचे नाव ठाऊक असण्याचे कारणच नाही. बाकी सगळे चालते, फक्त ब्राउझरमधून आतले पान उघडत नाही. यामागे बऱ्याचदा हेच असते.

मोठी संस्था असेल, डोमेनचे लॉगिन असेल, तर आणखी एक पथ्य. संगणकांना डीएनएस म्हणून फक्त आतला सर्व्हर द्यायचा. ‘असू दे अडीनडीला’ म्हणून दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ भरणारे पुष्कळ भेटतात. त्यांची समजूत अशी की पहिल्याला उत्तर माहीत नसेल तर विंडोज दुसऱ्याला विचारेल. तसे होत नाही. पहिल्याने ‘नाही’ म्हटले की विषय संपला. पहिल्याने उत्तर द्यायला उशीर लावला तरच दुसरा. आणि एकदा दुसऱ्याकडे गेलेला संगणक काही काळ तिकडेच विचारत राहतो, मग त्याला स्वतःच्याच ऑफिसचा सर्व्हर ओळखू येत नाही. लॉगिनला दहा-दहा मिनिटे, सामायिक फोल्डर मधूनच गायब, ही त्याची खूण. बाहेरची नावे शोधायचे काम आतल्या सर्व्हरवरच सोपवा. ‘फॉरवर्डर’ म्हणून ८.८.८.८ तिथे शोभतो.

छोट्या ऑफिसात असा सर्व्हर नसतो. तिथे ‘अकाउंट्स-पीसी’ हे नाव संगणक एकमेकांना हाळी देऊनच शोधतात. ते जमत नसेल तर आधी विंडोजमध्ये नेटवर्कचा प्रकार बघा: ‘पब्लिक’ असेल तर यंत्र कानात बोळे घालून बसते, ‘प्रायव्हेट’ करा. दुसरे, नाव पंधरा अक्षरांच्या आत ठेवा. जुन्या पद्धतीची नावे पंधरावर कापली जातात, आणि लांबलचक नावांचे दोन संगणक कापल्यावर एकच होऊन बसतात. तिसरे, जिथे एकाहून जास्त शाखा किंवा नेटवर्क आहेत तिथे पूर्ण नाव वापरा. नुसते ‘सर्व्हर’ म्हणू नका. रेठऱ्याची गोष्ट आठवा.

अक्षरातल्या फरकाबद्दलही सांगायला हवे. आपल्या गावाचे नाव कुणी कराड लिहितो, वर्तमानपत्रे कऱ्हाड छापतात. माणसाला दोन्ही एकच. डीएनएसला नाही. २०१४ पासून ‘.भारत’ या शेंड्याखाली देवनागरीत नावे घेता येतात, आणि तिथे कराड व कऱ्हाड ही दोन वेगळी गावे आहेत. संस्थेचे नाव देवनागरीत घ्यायचे झाले तर दोन्ही घ्या, नाहीतर दुसरे कुणीतरी घेईल.

भलत्याच दारात

डीएनएस बंद पडले तर काम अडते. डीएनएस खोटे बोलू लागले तर पैसे जातात. नाव बरोबर टाइप करूनही माणूस भलत्याच दारात उभा राहतो. ‘डीएनएसचेंजर’ नावाच्या व्हायरसने जगभरातल्या लाखो संगणकांच्या डीएनएस सेटिंगमध्ये गुपचूप आपले आकडे भरले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये टोळी पकडली गेली, तरी तिचे सर्व्हर एकदम बंद करता आले नाहीत. केले असते तर तेवढ्या सगळ्यांचे ‘नेट गेले’ असते. अमेरिकेच्या एफबीआयने ते न्यायालयाच्या परवानगीने चालू ठेवून ९ जुलै २०१२ ला बंद केले. म्हणून ‘डीएनएस सर्व्हर्स’ या ओळीत अनोळखी आकडा दिसला तर तो कुणाचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि राउटरच्या लॉगिनचा ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड आज संध्याकाळपर्यंत बदला.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना, सहकारी बँका धरून, आपला कारभार ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या नावावर आणायला सांगितले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हेतू हा की खऱ्या बँकेचे दार शेंड्यावरूनच ओळखू यावे. आपल्याकडे नागरी सहकारी बँकांचे व्यवहार घरोघर आहेत, तेव्हा ऑफिसातल्या संगणकांवरचे जुने बुकमार्क काढून नवे टाकून घ्या. पतसंस्था ही बँक नव्हे. पतसंस्थेच्या नावापुढे हा शेंडा दिसला तर सावध व्हा.

स्वतःच्या डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत कधी संपते, हे किती जणांना माहीत आहे? एका दवाखान्याची वेबसाइट आणि सगळ्या मेल एका सोमवारी एकदम बंद पडल्या. मला बोलावले. नेटवर्क ठणठणीत होते. डोमेनचे नूतनीकरण राहिले होते, आणि ते वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या नावावर होते. तो पुण्याला नोकरीला लागून चार वर्षे झाली होती, फोन नंबर बदललेला. स्मरणपत्रे त्याच्या जुन्या मेलवर जात राहिली. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या मेलवर हवे. नव्या जागी वेबसाइट हलवणार असाल तर दोन दिवस आधी डीएनएसच्या नोंदीतला टीटीएल, म्हणजे आकडा लक्षात ठेवायची मुदत, कमी करून घ्या, ३०० सेकंद पुरेत. नाहीतर जुन्या आकड्याची आठवण लोकांच्या संगणकांत दिवसभर रेंगाळते.

यंत्रे ठणठणीत आणि नाव मात्र सापडत नाही, हे फक्त आपल्यासारख्यांच्या बाबतीत घडते असे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर व्हॉट्सअ‍ॅप सहा तासांच्या आसपास बंद पडले होते, आठवते? देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे रस्ते इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले. सर्व्हर आपल्या जागी शाबूत होते, त्यांची नावे कुणाला सापडत नव्हती. दुरुस्त करायला लागणारी आतली साधनेही त्याच नावांवर चालणारी, त्यामुळे ती आधी आडवी झाली.

म्हणून नावांवर विसंबून न राहता आकडे कागदावर असू द्या. एक पांढरा कागद घ्या, शाईने लिहा: मुख्य राउटरचा आकडा, नंबर कुठून कुठपर्यंत वाटले जातात, लीज किती, सर्व्हर-प्रिंटर-कॅमेऱ्याचे राखून ठेवलेले नंबर, डीएनएसचे आकडे, डोमेनची मुदत आणि ते कुणाच्या नावावर, लाइनवाल्याचा ग्राहक क्रमांक. पासवर्ड त्यावर नको, तो तिजोरीत. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. संगणकात ठेवलात तर ज्या दिवशी लागेल त्या दिवशी उघडणार नाही. बदल केला की खाडाखोड करून शेजारी तारीख घाला. माझ्यासारख्या कुणाचा फोन नंबरही लिहा, हरकत नाही. पण सगळ्यात खाली.